सांबऱ्याच्या हंटरपासून सुरुवात: जुनी लढाऊ विमानं ओळखायची, टिपायची आणि सिनेमात शोधायची कशी

आमची आजी डिसेंबर १९६१ मधली एक सकाळ नेहमी सांगायची. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या बाजूनं एकापाठोपाठ एक विमानं उठली, गोव्याच्या दिशेनं गेली आणि त्या आवाजानं गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. विमान कुठलं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ते कळायला बरीच वर्षं लागली. ती हॉकर हंटर होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाच्या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा हंटर सांबऱ्याहून उडाली आणि त्यांनी रॉकेट व तोफांचा मारा करून बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडलं. पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी त्याच दिवशी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला.

ज्या धावपट्टीवरून आज आपण बंगळूर-मुंबईची विमानं पकडतो, ती १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं बांधली. इतका इतिहास उशाशी असूनही जुन्या लढाऊ विमानांचा छंद म्हणजे दिल्ली-मुंबईवाल्यांचं काम, असं आपल्याकडं अनेकांना वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथं राहूनही हा छंद नीट करता येतो. मी तो कसा करतो, ते क्रमानं सांगतो.

आधी एकच विमान निवडा

नवीन माणूस पहिल्यांदा कॅमेऱ्याची चौकशी करतो. कॅमेरा नंतर. आधी एक विमान निवडा आणि त्याचा बांधा डोळे मिटून सांगता येईल इतका पाठ करा. मी अर्थातच हंटर निवडलं.

हंटरचं नाक बंद आणि टोकदार असतं. हवा आत घेणारी तोंडं नाकात नसून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना तिरकी असतात. पंख मागं झुकलेले. पोटाखाली ३० मिलिमीटरच्या चार अ‍ॅडेन तोफा एकाच पेटीत बसवलेल्या असतात. रिकामी पेटी उतरवून भरलेली चढवली की विमान थोड्याच वेळात पुन्हा उडायला तयार होई. त्याच भागात दोन्ही बाजूंना एकेक फुगा दिसतो. गोळ्या सुटल्यावर त्यांना जोडणाऱ्या कड्या बाहेर उडून विमानाला लागू नयेत म्हणून त्या या फुग्यात जमा व्हायच्या. हे फुगे एकदा ओळखले की हंटर कुठंही चुकत नाही.

मग शेजारची विमानं घ्या. मिग-२१ चं नाक उघडं, त्यात मधोमध सुळका आणि पंख त्रिकोणी. कॅनबेराचे पंख रुंद आणि जवळपास सरळ, प्रत्येक पंखात एक इंजिन. नॅट इतकं बुटकं की त्याच्या पाठीवर हात ठेवता येईल असं वाटतं. शाळेच्या चौकड्यांच्या वहीत प्रत्येक विमान तीन बाजूंनी काढा: बाजूनं, वरून, समोरून. चित्र वाईट आलं तरी चालेल. काढताना डोळा जे पकडतो ते नुसतं बघताना निसटतं.

सोबत अंगावरची अक्षरंही शिकून घ्या. आपल्या हवाई दलात विमानाच्या क्रमांकाआधीची अक्षरं त्याची जात सांगतात. हंटरला बीए, कॅनबेराला आयएफ, नॅटला आयई, भारतात बनलेल्या मारुतला बीडी, फ्रेंच बनावटीच्या तूफानीला आयसी. जुन्या धूसर फोटोत विमानाचं शेपूट कापलं गेलं असेल आणि नुसतं 'आयई' उरलं असेल, तरी अर्धं काम होतं.

गोल चिन्हाकडंही बघा. आजचं चिन्ह बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं. १९४८ ते १९५० या थोड्या काळात तिथं अशोकचक्र होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग काढून फक्त निळा आणि पांढरा ठेवला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळी झाडण्याची भीती होती. चिन्ह बघून फोटो कुठल्या काळातला ते ठरवता येतं.

सांबऱ्याला कॅमेरा काढायचा नाही

हे स्पष्ट सांगणं गरजेचं आहे, कारण उत्साहात पोरं चूक करतात. सांबरा हा हवाई दलाचा तळ आहे आणि हवाई सैनिकांची प्रशिक्षण संस्थाही तिथंच आहे. कुंपणाजवळ उभं राहून फोटो काढणं, प्रवासी विमानाच्या खिडकीतून तळाचं चित्रीकरण करणं, आसपास ड्रोन उडवणं यातलं काहीही करू नका. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा आजही लागू आहे. कुठल्या दिवशी कुठलं लष्करी विमान उतरलं, हेही फोनवर पसरवू नका. आपला छंद निवृत्त विमानांचा आहे, आणि ती बघायला उघडी, रीतसर ठिकाणं भरपूर आहेत.

कुठं जायचं

पहिली फेरी गोव्याची करा. वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बेळगावहून चोर्ला घाटानं गाडीनं जा, नाहीतर लोंढा-कॅसलरॉकमार्गे रेल्वेनं वास्कोला उतरा. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. इथं हंटर नाही, पण त्याचा थोरला भाऊ आहे: सी हॉक. दोन्ही विमानं सिडनी कॅम या एकाच आरेखनकाराची. सी हॉकचीही हवेची तोंडं पंखांच्या मुळाशीच आहेत. इंजिनाचा झोत मात्र शेपटीतून न जाता दोन फाटे होऊन पंखांच्या मागच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर पडतो. पंख दुमडतात, कारण हे विमान जहाजावर राहायचं. १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवरून हीच विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेली होती.

तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन शेवटी बघा आणि त्याला वेळ द्या. एअर इंडिया, मग हवाई दल, मग नौदल असा त्याचा प्रवास. १९६१ च्या त्या हल्ल्यानंतर रात्रीच्या अंधारात दाबोळीच्या उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं निसटली, त्यातलं एक याच जातीचं होतं. दाबोळीची ती धावपट्टी संग्रहालयाला अगदी लागून आहे. आजीच्या गोष्टीचं दुसरं टोक मला इथं सापडलं.

दुसरी फेरी कारवारची. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या शेजारी नौदलाचं टीयू-१४२ उभं आहे. १९८८ ते २०१७ अशी २९ वर्षं या जातीनं समुद्रावर टेहळणी केली. लांबी सुमारे ५३ मीटर, पंखांचा पसारा ५० मीटर. चार इंजिनं, आणि प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे. सुटे भाग करून आणून ते इथं पुन्हा जोडलं आहे. संध्याकाळी समुद्राकडून ऊन येतं तेव्हा पोहोचा.

तिसरी फेरी बंगळूरची. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी तिथं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) वारसा संग्रहालयात मारुत बघा, पण त्याआधी एचटी-२ या छोट्या शिकाऊ विमानापुढं थांबा. भारतात आरेखन होऊन १९५१ मध्ये उडालेलं हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालं. घाटगे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाकडं शिकून ते परत आले आणि पुढं किरण या जेट शिकाऊ विमानाचं कामही त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. सीमाभागातल्या किती शाळांत हे नाव सांगितलं जातं? मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

हंटर डोळ्यांनी बघायचं तर दिल्लीला पालमचं हवाई दल संग्रहालय किंवा जैसलमेरचं युद्ध संग्रहालय गाठा. पालमला वापिती, हरिकेन, स्पिटफायर आणि लिबरेटरही आहेत. आयुष्यात एकदा तरी जावंच.

उभ्या विमानाचा फोटो

माझ्या पहिल्या गोवा फेरीत मी तीनेकशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकाही विमानाचा क्रमांक धड वाचता येईना आणि माहितीफलकाचा फोटो तर एकही नव्हता. ते सगळे फोटो शोभेचे झाले, नोंदीच्या कामाचे नाहीत. तेव्हापासून मी ठरावीक क्रम सोडत नाही.

आधी माहितीफलक. मग शेपटीवरचा क्रमांक. मग बरोबर मधोमध उभं राहून डावी बाजू आणि तशीच उजवी. दोन्ही बाजू घ्यायच्याच, कारण रंगकाम, दारं, नळ्या दोन्हीकडं सारख्या नसतात. मग नाक समोरून, शेपूट मागून, चाकांचा सांगाडा आणि तो ज्या खोबणीत जातो ती खोबण. शेवटी अंगावर छापलेल्या बारीक सूचना. एवढं झालं की मग हवे तसे कलात्मक फोटो काढा.

मोबाइल असो वा कॅमेरा, विमानाच्या अगदी जवळ जाऊन रुंद भिंगानं फोटो काढला की नाक फुगतं आणि शेपूट आखडतं. जागा असेल तेवढं मागं सरका आणि ५० ते ७० मिमीच्या दरम्यान झूम करा. अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. भर दुपारच्या उन्हात पंखाखाली काळोख होतो आणि पाठ पांढरी फटक पडते. पोटाखालचे तपशील हवे असतील तर ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर असे दिवस मुबलक.

चमक मारायला अनेक जण पोलरायझर लावतात. धातूवर तो फारसा कामाचा नाही, रंगावर आहे. कॉकपिटच्या पारदर्शक छतावर मात्र जपून. ते काचेचं नसून अ‍ॅक्रिलिकचं असतं आणि पोलरायझरमधून त्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. छताचा फोटो घेताना फिल्टर काढून ठेवा.

आणि जवळ जाऊन बघा. सी हॉकच्या पोटाखाली मी एकदा उकिडवा बसलो होतो. खाऱ्या वाऱ्यानं रंगाला बारीक फोड आले होते, आणि एक पोपडा सुटला होता तिथं खाली दुसऱ्या रंगाचा थर दिसत होता. रिबिटांची एक ओळ मध्येच थोडी वाकडी झाली होती. म्हणजे तिथला पत्रा कधीतरी बदलला असावा. असे फोटो दहा सेकंदांत निघतात, पण विमान पुन्हा रंगवलं की ती खूण कायमची जाते. विमानाला हात लावायचा नाही, चढायचं नाही, आणि पोपडा तर मुळीच ओढायचा नाही.

उडत्या विमानाचा फोटो

उडतं जुनं विमान बघायची आपल्याला सगळ्यात जवळची जागा म्हणजे बंगळूरजवळचं येलहंका. एरो इंडिया हे हवाई प्रदर्शन तिथं दर विषम वर्षी फेब्रुवारीत भरतं. प्रेक्षकांसाठी हवाई कसरती बघायचं वेगळं तिकीट असतं, ते आगाऊ ऑनलाइन घ्या. २०१९ मध्ये तिथं हवाई दलाचं डकोटा हे जुनं, पंख्याचं वाहतूक विमान उडालं होतं. त्याचा क्रमांक व्हीपी ९०५, नाव परशुराम. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आलं.

पंख्याच्या विमानात सगळ्यात मोठी चूक शटरची होते. जेटसाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर बरोबर. डकोटावर तेच लावलं तर पंखा थिजतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. हिशेब सोपा आहे. डकोटाचा पंखा मिनिटाला साधारण १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. १/१००० सेकंदात तो जेमतेम ७ अंश सरकतो. १/१२५ मध्ये ५८ अंश, आणि पात्यावर छान फिरती धूसरता येते. १/६० मध्ये पुरे १२० अंश, म्हणजे तीन पात्यांची पूर्ण तबकडी दिसते. पण १/६० ला हात स्थिर ठेवणं अवघड, म्हणून १/१२५ किंवा १/१६० पासून सुरुवात करा.

इतक्या संथ शटरला विमानासोबत कॅमेरा फिरवावा लागतो. पाय विमान जिथं जाणार त्या दिशेला रोवा, कंबर उलट्या बाजूला वळवा आणि विमान येईल तशी कंबर सोडत या. बटण दाबल्यावर थांबू नका, पुढंही फिरवत राहा. सराव घरीच होतो: राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला सुरक्षित जागी उभं राहून जाणाऱ्या एसटीवर शंभर-दोनशे फोटो काढा. मी आधी बसगाड्यांवर हात बसवला, मग विमानाकडं वळलो.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवा. उजळ आभाळामुळं विमान काळं पडतं, म्हणून एक्स्पोजर अधिक १ च्या आसपास वाढवा. फेब्रुवारीतही अकरानंतर धावपट्टीवरची तापलेली हवा थरथरते. लांबचे फोटो मग कितीही महागड्या भिंगानं काढले तरी पाण्याखालून काढल्यासारखे येतात. जमिनीवरचे फोटो सकाळी उरका.

सिनेमातलं विमान ओळखणं

हा भाग मला फार आवडतो. जी विमानं आता उडत नाहीत ती सिनेमात अजून उडतात. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. पण 'विजेता' लावा, ते अजून धावपट्टीवरून झेपावतं. शशी कपूर यांनी काढलेल्या आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या सिनेमात नायकाची आई मराठी आहे, हाही आपला एक धागा. हंटरसाठी 'बॉर्डर' बघा. लोंगेवालाला डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून हंटर गेली ती उजाडल्यावरच, कारण त्यांना रात्री लढायची सोय नव्हती. पहाटेची वाट बघण्याचा तो सगळा ताण या एका तांत्रिक कारणातून येतो.

बघताना वही आणि रिमोट हाताशी ठेवा. विमान दिसलं की थांबवा आणि मिनिट-सेकंद लिहा. मग चार गोष्टी तपासा.

पहिली, हे तेच विमान आहे का? उड्डाणाला एक, हवेत दुसरं आणि उतरताना तिसरं, असं सिनेमात सर्रास होतं. पंखांची ठेवण आणि हवेची तोंडं यावरून कळतं. दुसरी, चित्र उलटं केलंय का? क्रमांकाची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली तर संकलकानं दिशा जुळवायला फिल्म उलटली आहे. तिसरी, कॉकपिटमधल्या माणसाच्या चेहऱ्यावरची सावली हलते का? विमान वळतंय आणि सावली जागची हलत नाही, तर ते दृश्य जमिनीवर घेतलेलं आहे. चौथी आणि सगळ्यात रंजक: सोंग.

१९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधली जर्मन मेसरश्मिट खरं तर स्पेनमध्ये बनलेली बुचॉन आहेत. त्यांच्यात ब्रिटिश मर्लिन इंजिन आहे. म्हणजे स्पिटफायर आणि तिचा शत्रू, दोघांच्या छातीत एकच हृदय. ओळखायचं कसं? खऱ्या मेसरश्मिटचं इंजिन उलटं बसवलेलं असल्यानं धुराच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूला असतात आणि पंख्याला तीन पाती. बुचॉनच्या नळ्या वर आणि पाती चार. त्यातले हाइंकेल बॉम्बरही स्पॅनिश आणि मर्लिनवालेच. हे सगळं टिपणारा कॅमेरा बसवला होता एका बी-२५ मिचेल बॉम्बरमध्ये, आणि इतर वैमानिकांना ते लांबून दिसावं म्हणून भडक रंगांनी रंगवलं होतं.

१९७० च्या 'टोरा! टोरा! टोरा!'मधली जपानी झीरो ही अमेरिकन शिकाऊ विमानांची सोंगं. 'टॉप गन'मधलं मिग-२८ म्हणजे काळं रंगवलेलं एफ-५, त्या नावाचं मिग कधी बनलंच नाही. 'डंकर्क'मध्ये खरी स्पिटफायर आहेत, पण काही दृश्यांसाठी रशियन याक-५२ ला स्पिटफायरचं रूप दिलं होतं. सोंग ओळखलं म्हणून सिनेमा कमी दर्जाचा ठरत नाही. खरं विमान उरलंच नसताना ज्यांनी दुसरं विमान तसं बनवून खरोखर उडवलं, त्या कारागिरांबद्दल माझा आदर वाढतच गेला.

घरोघरचे अल्बम

आपल्या भागात ही खरी संपत्ती आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं हे गाव. फौजेतून, हवाई दलातून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत असे फोटो आहेत जे कुठल्याच संग्रहालयात नाहीत. आधी जाऊन बसा, चहा घ्या, त्यांचं ऐका. फोटो मागू नका, 'बघू का, काका?' एवढंच विचारा. घरी न्यायचे नाहीत. तिथंच खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश न लावता, कॅमेरा फोटोला समांतर धरून नक्कल करा. चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका. पाठीमागचा मजकूरही टिपा.

सिनेमा, संग्रहालय आणि अल्बम, सगळ्याची नोंद एकाच पद्धतीनं ठेवा: तारीख, ठिकाण, जात, क्रमांक, कुणाकडून मिळालं. संग्रहालयात विमान पुन्हा रंगवताना चुकीचा क्रमांक घातल्याची उदाहरणं होतात, म्हणून 'अंगावर दिसलेला क्रमांक' आणि 'खात्री झालेला क्रमांक' असे दोन रकाने करा. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, त्यावर उपाय हवाबंद डबा आणि सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की ते वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळवा, स्वयंपाकाचा तवा नको. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

मागच्या दिवाळीत मुतग्याच्या एका निवृत्त काकांनी मला त्यांचा तरुणपणीचा फोटो दाखवला. ते एका लहानशा विमानाला टेकून उभे, आणि क्रमांकावर नेमकं त्यांचं कोपर. 'आय' दिसत होता, पुढचं अक्षर अर्धं. पंख खांद्याच्या उंचीवर, चाकं अंगातून निघालेली, सगळा आकार बुटका. मी म्हटलं, 'काका, हे नॅट.' त्यांनी फोटो उलटा केला. मागं पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात, लिहिलं होतं: 'नॅट. मी आणि माझं विमान.'